थोरलीचा जांभळा

दिनांक ८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. स्थळ सांगली, विश्रामबाग, दुसऱ्या मजल्यावरची उत्तरेकडे खिडकी असलेली खोली. सौ. शालन वीरधवल जगदाळे या हयात आणि पूर्ण शुद्धीवर असलेल्या स्त्रीला तिथे प्रथमच सांगण्यात आले की, गेली अठरा वर्षे ती जे रंग नेसत आली ते तिचे नाहीत. ज्यांनी ते तिला नेसवले त्यांपैकी कोणीही त्या वेळी हजर नव्हते, आणि पुढेही कोणी खेद व्यक्त केल्याचे ऐकिवात नाही. या तक्रारीसाठी ग्रामपंचायतीत रकाना नाही, पोलीस ठाण्यात कलम नाही, आणि भावकीच्या बैठकीत ती मांडली तर हसू होईल. म्हणून ती येथे नोंदवली आहे.

शालन माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडे माळावर वसलेल्या गावची. त्या बाजूला ऋतू दोनच, उन्हाळा आणि पावसाची वाट पाहण्याचा. तांबूस मुरूम, वाळलेली कुसळे, करडईची फुले आणि गंजीतला कडबा एवढेच रंग पाहत ती वाढली. तिला वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या घरी, उसाच्या शेतीवाल्या जगदाळ्यांकडे दिले, तेव्हा तिचे वडील चार लोकांत म्हणाले, "पोरगी बागायतीत पडली." जणू ते बियाण्याविषयीच बोलत होते.

वीरधवल तेव्हा लष्करात हवालदार होता. त्याची पहिली बायको राजेश्वरी तापाने गेली होती आणि मागे तिची लेक होती, शिवांजली, जेमतेम चार वर्षांची. शालन त्या घरात दुसरी म्हणून आली. आमच्याकडे दुसरेपणाची एक निशाणी असते. मेलेल्या पहिलीची मूर्ती चांदीच्या लहानशा पत्र्यावर ठोकून घेतात आणि ती दुसरीच्या गळ्यात बांधतात. त्याला सवतीचा टाक म्हणतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासू मनुबाईंनी तो शालनच्या गळ्यात बांधला आणि मांडीवरच्या शिवांजलीच्या केसांतून हात फिरवत सांगितले,

"ही थोरली. हिला दावल्याबिगर नवं लुगडं अंगाला लावायचं न्हाई. इसरलीस तर ती तुझं काय करायची न्हाई बघ. पोर तिची हाय, ती पोरीला न्हेईल."

एवढे एक वाक्य शालनच्या संसाराला पुरले. स्वतःसाठी ती कदाचित भ्याली नसती. पण रात्री झोपेत तिच्या पदराचे टोक मुठीत धरून ठेवणाऱ्या पोरीसाठी ती भ्याली, आणि ती भीती पुढे कधी गेली नाही.

समोरच्या भिंतीवर थोरलीचा मोठा फोटो होता. रुंद जरीकाठाची जांभळी साडी, गळ्यात ठुशी, आणि पाहणाऱ्याच्या थोडे मागे पाहणारे डोळे. दिवाळी असो, यमाईची जत्रा असो, की घरातले लग्न, मनुबाई इस्लामपूरच्या दुकानात बसून "फोटोतल्यावानी दाखवा" म्हणत. जांभळी, गुलबक्षी, गर्द निळी, पुन्हा जांभळी. साडी घरी आली की आधी टाकापुढे ठेवली जाई, मग शालनच्या हातात. दुकानदाराने तर गठ्ठ्यालाच नाव दिले होते, 'जगदाळ्यांचा जांभळा'. शालनला दुकानात कधी नेले नाही. नेण्याचे कारणही कोणाला सुचले नाही.

एकदाच हा नेम मोडला. भाऊबीजेला माहेरच्या भावाने विटकरी रंगाची साडी दिली. शालन ती नेसून तशीच औंधला यमाईच्या दर्शनाला गेली. टाकाला दाखवायची राहिली. त्याच आठवड्यात शिवांजलीला विषमज्वर झाला. मनुबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी ती साडी धुऊन, वाळवून, घडी घालून ऊसतोडणीला आलेल्या एका बाईला देऊन टाकली. पोरगी बरी झाली. मात्र तो हंगाम संपेपर्यंत विटकरी साडी उसाच्या फडात हिंडताना शालनला दिसे. कधी मोळीखाली वाकलेली, कधी बैलगाडीच्या मागे चाललेली. आपणच तिथे चाललो आहोत आणि इथे ओट्यावर दुसरीच कोणी उभी आहे, असे तिला वाटे.

वर्षे गेली तसे बायका कौतुक करू लागल्या. "शालन, आगं तू थोरलीवानी दिसाय लागलीस की!" हे कौतुक होते, हे ध्यानात घ्यावे. ज्या घराला मेलेले माणूस जिवंत माणसाच्या तोंडावर दिसू लागते, त्या घराला आमच्यात भाग्याचे घर म्हणतात. शालनने मात्र आरशात पाहणे सोडले. टिकली ती बोटाच्या अंदाजाने लावी.

शिवांजली शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आणि तिचे लग्न फेब्रुवारीत ठरले. डिसेंबरात ती सुट्टीवर आली आणि जेवताना म्हणाली, "आई, शुक्रवारी तुला सांगलीला न्यायचंय. वेळ घेतलीय."

"दवाखान्याची?" शालनचा घास थांबला.

"नाही गं. कलर अ‍ॅनालिसिस. चेहऱ्याजवळ वेगवेगळी कापडं धरून बघतात, आपल्याला कुठला रंग खुलतो ते. लिपस्टिक कुठली लावायची तेही सांगतात. आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी केलंय."

मनुबाईंनी भाकरी बाजूला ठेवली. "कापडं धराय सांगलीला? आमचा दुकानदार बसल्या जागी शंभर कापडं धरतुय, वर चा पाजतुय."

"तो विकायला धरतो, आज्जे."

"मग ही काय पुण्य लागावं म्हणून धरती व्हय?"

वीरधवल, आता निवृत्त सुभेदार, ताटात बघूनच हसला. मनुबाई हसल्या नाहीत. "जावा दोघी. पर लग्नाचा शालू जांभळाच, आन् शालननंच नेसायचा. थोरलीनं लेकीचं लगीन बघाय नगं व्हय? तिनं डोळं भरून बघितलं न्हाई, तर पोरगी सासरी सुखानं नांदंल का?"

 शालनने गळ्यातला टाक पदराआड सरकवला.

सांगलीची ती खोली शुभ्र होती. पांढऱ्या भिंती, पांढरा पडदा, मोठा आरसा, आणि कपाटात रंगीत कापडांच्या घड्या. रंग पाहणारी केतकी तिशीची होती आणि लगबगीने बोलत होती. माणसाच्या कातडीचा मूळ रंग ऊबदार असतो किंवा थंड, त्यावरून चार ऋतूंची नावे देतात, असे तिने समजावले. मग म्हणाली, "काकू, चेहरा धुऊन या. पावडर नको, टिकली नको. आणि दागिने काढावे लागतील. धातूचा उजेड हनुवटीवर पडतो, त्यानं रंग फसतो."

शालनने बांगड्या काढल्या. मंगळसूत्रही काढले. टाकाच्या दोऱ्याला हात लावला आणि ती थांबली.

"हे राहू दे."

"चांदी आहे ना, काकू. तीच सगळ्यात जास्त चमकते."

"हे निघत न्हाई."

"निघतंय की, गाठ तर दिसतेय," केतकी सरळपणे म्हणाली. तिला काय ठाऊक असणार.

"आई," शिवांजली हळूच म्हणाली, "माझ्या हातात दे. मी धरून बसते तिला."

आईची मूर्ती लेकीच्या तळहातावर पहिल्यांदाच आली. शिवांजलीने मूठ मिटली. आज शुक्रवार, शालनला आठवले, पण तोवर केतकीने तिचे केस पांढऱ्या फडक्यात बांधले होते आणि खांद्यांवरून पांढरे वस्त्र सोडले होते. शालनने मान वर केली. आरशात उघड्या कपाळाची, मोकळ्या गळ्याची, डोक्यापासून कमरेपर्यंत पांढऱ्यातली एक बाई बसली होती. धनी घरी धडधाकट असताना हे विधवेचे रूप पाहू नये, हे तिला कळत होते. पण नजर हटेना. ही थोरली नव्हती. ही कोणीच नव्हती. या बाईला तिने अठरा वर्षांत पाहिले नव्हते.

मग कापडे सुरू झाली. केतकी एकेक कापड हनुवटीखाली धरी, झटक्यात काढी, दुसरे धरी. मोहरीचा पिवळा धरला तेव्हा गालावरचे काळसर डाग फिके पडल्यासारखे दिसले. मेंदीचा हिरवा धरला तेव्हा डोळे उजळले. आणि विटकरी धरला तेव्हा आरशात माळावरची एक पोरगी बसली होती, वय झालेली, पण तीच.

"आता याच्या उलट बघू," केतकी म्हणाली आणि तिने जांभळे कापड धरले.

कातडीवरची कळा गेली. ओठ काळवंडले, डोळ्यांखाली खड्डे पडले, आणि त्या खड्ड्यांतून दुसरे डोळे पाहू लागले. 

"आई... तू फोटोतल्यासारखी दिसतीस."

"इथं आधी रंग दिसतो, काकू नंतर दिसतात," केतकी म्हणाली. "काकू ऑटम आहेत, म्हणजे ऊबदार रंगांच्या. जांभळा आणि थंड गुलबक्षी जन्मात नेसू नका. लिपस्टिकही विटेच्या रंगाची लावा, गुलाबी नको." कापड काढून तिने ते शिवांजलीच्या मांडीवर ठेवले आणि रंगांचे कार्ड काढायला वळली.

शिवांजलीने तेवढ्यात मोबाईलमधला थोरलीचा फोटो पुढे केला. टाक तिने मांडीवरच्या कापडावर ठेवला होता. "ताई, ही माझी जन्माची आई. हिला जांभळा आवडायचा म्हणून घरात आईला तोच देतात. हिचा सीझन कोणता असेल?"

केतकीने फोटो मोठा करून पाहिला, आणि पुन्हा पाहिला. "फोटोवरून मी सांगत नाही. पण हा... चेहऱ्यावर समोरून उजेड आहे आणि साडीवर डावीकडून. मानेचा रंग बघा, हाताचा बघा. हे अंग यांचं नाही. फोटोवाल्यांकडं कॉम्प्युटरवर तयार साड्या असतात, त्यावर चेहरा बसवतात. आमच्या आजोबांना असाच कोट चढवलाय. जन्मात त्यांनी कोट घातला नव्हता." ती हसली, आणि दोघींची तोंडे पाहून पुन्हा कार्डाकडे वळली.

दोघींनी परतीची एसटी धरली. आष्टा मागे पडले तेव्हा शालनचा हात सवयीने गळ्याशी गेला. मंगळसूत्र होते. टाक नव्हता.

"शिवा, थोरली कुठाय गं?"

शिवांजलीने पर्स उलटी केली, मूठ उघडून पाहिली, जणू अजून तिथेच असेल. शालनने टाकाचा विचार तिथेच सोडला आणि पोरीचा हात धरला. कपाळाला हात लावून पाहिला. गाडीच्या दरवाजापासून तिला आत सरकवले. समोरून येणारा प्रत्येक उसाचा ट्रॅक्टर तिला अंगावर येतोय असे वाटले. शिकलेल्या वाचकांना यावर हसायचे असेल तर त्यांनी जरूर हसावे. शालनला पोटचे मूल झाले नव्हते, आणि जे होते ते तिच्याकडे एका मेलेल्या बाईने ठेवायला दिले होते.

मनुबाई दारातच होत्या. त्यांची नजर सरळ गळ्यावर गेली.

"टाक कुठाय?"

"ऱ्हायला तिथं. आत्या, चूक झाली."

"शुक्रवारी? सवाशिणीचा गळा उघडा? पोरीचं लगीन तोंडावर आन् तू तिला परक्या घरात टाकून आलीस?" मनुबाईंनी देवघरातला अंगारा आणून आधी शिवांजलीच्या कपाळाला लावला. मग चिमूटभर स्वतःच्याही. भीती त्यांनी बनवलेली नव्हती. त्यांनाही ती कोणीतरी दिलेलीच होती. ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवणे भाग आहे.

तेवढ्यात शिवांजलीने बापाला विचारले. "बाबा, थोरल्या आईचा फोटो कुठून केला?"

वीरधवलने चप्पल काढता काढता भिंतीकडे पाहिले. "कार्डावरचा होता. मिलिटरी दवाखान्याचं कार्ड, ब्लॅक अँड व्हाइट. दुसरा फोटोच नव्हता तिचा. खांद्यावर शिक्का आला होता, तो घालवायला फोटोवाल्यानं खालचं सगळं बदललं, तोंडाला रंग भरला."

"साडी?"

"त्यानं विचारलं कुठली देऊ. मी म्हटलं, चांगली दे."

 शालनने खाली बसून घेतले. अठरा वर्षे तिने मेलेल्या बाईचे रंग नेसले, निदान एवढे तरी तिला ठाऊक होते. आता तेही उरले नाही. एका दुकानातल्या कॉम्प्युटरवरची, कोणाचीच नसलेली साडी तिने नेसली होती, आणि त्या साडीच्या भीतीने एक पोर वाढवली होती.

"मग तिला कुठला रंग आवडायचा, आत्या?" तिने विचारले. आवाजात राग नव्हता.

"जांभळाच. फोटोत हाय न्हवं?"

"फोटोच्या आदी?"

 मनुबाईंनी लेकाकडे पाहिले. लेकाने जमिनीकडे. "मी सुट्टीवर यायचो," तो म्हणाला, "तेव्हा ती... असायची घरात."

"तुमी इचारलं असंल की कधी, आत्या. साडी घेताना."

"ती काय म्हणायचीच न्हाई," मनुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "लय गुणाची हुती."

जुन्या वाकळी काढून पाहिल्या. राजेश्वरीच्या लुगड्यांचे तुकडे त्यांत शिवलेले असणार. पण धुऊन धुऊन सगळे एकाच मातकट रंगाचे झाले होते. कुठला कोणाचा ते सांगता येईना.

शिवांजलीचा मोबाईल वाजला. टाक सापडला होता. जांभळ्या कापडाची घडी घालताना केतकीच्या हाताला लागला. "मीच जाऊन आणते उद्या," शालन म्हणाली, आणि कोणी अडवले नाही.

तिने तो आणला आणि गळ्यात बांधला. आजवर भीतीने बांधला होता. आता का बांधला, हे तिला सांगता आले नसते. पुढे दर शुक्रवारी ती टाक काढून देवघरात ठेवू लागली आणि त्याच्यापुढे एक खण मांडू लागली. एका शुक्रवारी अबोली, एका शुक्रवारी पोपटी, मग पांढरा, मग शेंदरी. "ह्यो का?" ती विचारी. थोडा वेळ बसे. मग खण उचले.

लग्नात ती विटकरी शालू नेसली. नेसण्याआधी तो टाकापुढे ठेवला, मनुबाईंच्या समोर. मनुबाईंनी आणलेला जांभळा शालू कपाटात तसाच राहिला. अक्षता पडत होत्या तेव्हा सगळे मांडवाकडे पाहत होते आणि शालन एकट्या शिवांजलीच्या तोंडाकडे. पोरगी अडखळते का, पांढरी पडते का, कोणी तिला मागून ओढते का. शेवटचे मंगलाष्टक संपले. ताशा वाजला. काहीच झाले नाही. ओटी भरायला आलेली भावकीतली एक म्हातारी शालनसमोर क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, "आगं बया, शालन व्हय! वळखूच आली न्हाईस."

शिवांजली पुण्यात नांदते आहे, सुखाने. भिंतीवरचा फोटो आहे तिथेच आहे. मनुबाई त्याला हार घालतात, पण मान वर करत नाहीत. शालन आता आरशात पाहून टिकली लावते. आरशात तिला तिचा चेहरा दिसतो. पण कधीकधी संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, खांद्यामागे आणखी कोणी उभे असते. पूर्वी चुकून आरशात नजर गेली तर ती जांभळ्या साडीत दिसायची आणि शालन डोळे मिटून घ्यायची. आता शालन डोळे मिटत नाही, निरखून पाहते. बाई दिसते. साडीचा रंग दिसत नाही. आणि ती बाई शालनकडे अशी पाहते, जणू जे विचारायचे राहिले ते कोणीतरी अजून विचारील.

शालनने खूप रंग मांडून पाहिले. उत्तर आले नाही, येणारही नाही. मेलेल्या माणसाला विचारून उपयोग नसतो.

म्हणून वाचकांकडे मागणी एवढीच. तुमच्या घरातली बाई जिवंत असेल, तर आज तिला विचारा, तुला कुठला रंग आवडतो. ती "कुठलाही चालेल" म्हणाली, तर उत्तर मिळाले असे समजू नका. पुन्हा विचारा.